पाचव्या बांधावरचा घास

हे खरं आहे हे पटवून द्यायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. पटलं तर पटलं. जे घडलं ते तारीख-वारासकट लिहिते आणि बाजूला होते.

गुरुवार, १७ सप्टेंबर २०२०. सर्वपित्री अमावास्या.

रात्रबित्र काही नव्हती. दुपारचे बारा वाजले होते आणि डोक्यावर लख्ख ऊन होतं. भुताच्या गोष्टीला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबावं.

जागा जपानमधली. ओसाकाहून गाडीने अडीच तास, नाराच्या दक्षिणेचे डोंगर. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातलाच कोणी हौशी तिथे कॅमेरा घेऊन पोचेल. मला तिथे कोणी यायला नको आहे.

मी सुप्रभा. माहेर सांगली. सासर नाही, लग्नच केलं नाही, त्यामुळे तो प्रश्न कमेंटमध्ये विचारू नका. ओसाकात एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. विषय माती. त्यातही डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेती.

पीएचडीसाठी दोन मोसम पेरूत होते. इंका लोकांचे बांध, पडक्या वस्त्या, सगळं पायी हिंडून मोजलं. खाली मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू, मग माती. पाचशे वर्षं झाली, राज्य गेलं, माणसं गेली, बांध उभेच. लोक मला विचारतात, तिथल्या अवशेषांमध्ये भुतं होती का? नव्हती. टुरिस्ट होते. ढीगभर.

जपानातलं काम त्याच्या उलटं होतं. इथले सोडून दिलेले बांध दहा वर्षांतच का ढासळतात, ते बघायचं.

आमच्या साइटवरचं गाव २०११ साली ओस पडलं. भूकंपाचंच वर्ष. सगळा देश टीव्हीवर त्सुनामी बघत होता. त्याच सप्टेंबरात इकडे वादळ आलं आणि डोंगर घसरले. गावात तेव्हा अकरा म्हातारी माणसं उरली होती. त्यांना खाली तालुक्याच्या गावात आणलं. वर राहायला परत कोणी गेलं नाही. एकेक करून बहुतेक जण खालीच वारले.

आता अण्णांचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. नऊ ऑगस्टला गेले. कोविड. सांगलीच्या हॉस्पिटलात अकरा दिवस होते. देह घरी दिला नाही. दहावं नाही, तेरावं नाही, नीलकंठ, म्हणजे माझा भाऊ, तो स्वतःच क्वारंटाइनमध्ये. मी इथून गेले असते तर जपानने परत आत घेतलं नसतं, तसा नियम होता तेव्हा. मी गेले नाही.

नीलकंठचा मेसेज आला तेव्हा मी कोंबिनीत होते. कोंबिनी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, चोवीस तास उघडं असतं. मेसेजमध्ये एकच शब्द होता. "गेले."

मी रांगेतच उभी राहिले. दूध आणि भाताचा गोळा घेतला होता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पिशवी हवी का? नको म्हणाले. घरी आले. दूध फ्रिजमध्ये ठेवलं.

रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना झाला तरी नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा आपला वाटत नाही, तसं.

सप्टेंबरात आईचा फोन आला.

"अगं, पहिल्याच वर्षी पक्ष करतात की नाही यावर गुरुजींची दोन मतं आहेत. पण त्यांचं काहीच झालं नाही गं. निदान सर्वपित्रीला घास तरी ठेव. तिकडे कावळे आहेत ना?"

"कावळेच आहेत, आई. दुसरं काही नाही."

"मग ठेव. त्यांची सुटका होऊ दे."

सुटका. आईला तेवढंच हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही तेवढंच हवं होतं. मी गेले नाही, निदान हे तरी नीट व्हावं.

कावळा शिवण्याचं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नाही शिवला तर माणसाचं काहीतरी राहिलंय. मग घरचे अंदाज बांधतात, हे राहिलं असेल, ते राहिलं असेल, आणि शब्द देतात. मी बघते, मी करते, तुम्ही निश्चिंत जा. बरोबर शब्द सापडला की कावळा शिवतो.

अमावास्येला नेमकं फील्डवर जायचं होतं. मला वाटलं, बरंच झालं. अण्णा मृदसंधारण खात्यात होते. तीस वर्षं जत-आटपाडीच्या उन्हात ताली, म्हणजे शेताचे दगडी बांध, घालून घेण्यात गेली त्यांची. दगड कसा बघायचा, कुठली बाजू आत ठेवायची, हे मला पुस्तकांच्या आधी त्यांनी शिकवलं. बांध बघून त्यांना बरं वाटेल, असा माझा हिशेब.

पहाटे उठून भात, वरण, भोपळ्याची भाजी आणि खीर केली. डबा भरला.

गाडी मोहनची. मोहन आमच्याच लॅबमध्ये. डोंबिवलीचा, तोंडाळ, पण मनाचा चांगला. त्याचं काम ड्रोनने नकाशे करायचं. गुडघ्यांची तक्रार, म्हणून तो खाली गाडीपाशीच थांबतो.

"तू वर श्राद्ध कर, मी खाली ड्रोन उडवतो," तो म्हणाला. "आणि अस्वल आलं तर खीर त्याला दे. वाद घालत बसू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे."

मी वर गेले. बॅगेला अस्वलासाठी बांधतात ती घंटी होती. चालताना वाजत होती. झाडांत किडे कर्कश ओरडत होते.

तो डोंगर कसा आहे ते सांगते. खालपासून वरपर्यंत पायऱ्या. प्रत्येक पायरीला पुरुषभर उंचीची दगडी भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. पूर्वी तिथे भात व्हायचा, आता बांबू आणि सरळसोट उंच झाडं. मोहनच्या नकाशात एकशे बारा बांध भरले. सगळे जागोजागी ढासळलेले.

पाचव्या बांधाला सात पावलांचं खिंडार होतं. अकरा वाजता मी तिथे पट्टी लावून फोटो काढला. दगड खाली ढिगाने पडलेले, त्यावर शेवाळ.

कामं आटपली. बाराला डबा उघडला. तिथे जुन्या वाफ्यात अळू रानटी वाढला होता. त्याचं एक मोठं पान घेतलं, धुतलं, वाढलं आणि खिंडाराच्या कडेवर ठेवलं.

"अण्णा, जेवा," म्हणाले आणि मागे सरले.

कावळा लगेच आला. जपानी कावळा आपल्यापेक्षा थोराड, चोच जाड. भिंतीवर बसला. पानाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

शिवला नाही.

दहा मिनिटं गेली.

"अण्णा, आईला मी सांभाळीन."

नाही.

"नीलकंठशी भांडणार नाही."

नाही.

"स्वतःची आबाळ करणार नाही. वेळेवर जेवीन. झालं?"

कावळा मान वाकडी करून बघत राहिला. आणि मला राग आला. मी मुळातच चिडकी आहे, पण हा राग वेगळा होता. एकोणचाळीस दिवसांत मला काही वाटलं असेल तर तेवढंच. मी उभी राहून ओरडले.

"काय राहिलंय ते नाही ना सांगायचं? नका सांगू! ज्याचं जे काही राहिलं असेल ते सगळं मी करीन! दिला शब्द! पण आता शीव रे बाबा!"

किडे थांबले…

एकदम. सगळे. एकही उरला नाही.

कावळ्याने पानावर चोच मारली. भात, वरण, भाजी, खीर, सगळं. घाईघाईने नाही. शांतपणे, शेवटच्या शितापर्यंत. मग उडाला. पंखांचा आवाज आला नाही.

झालं, मला वाटलं. सुटले अण्णा. रडू येईल म्हणून वाट बघितली. नाही आलं. पान उचलायला पुढे झाले…

बॅगेची घंटी वाजली नाही.

हलवून बघितली. आतला लोलक हलत होता. आवाज नव्हता.

आणि माझ्या मागे…

टक्क.

दगडावर दगड ठेवल्याचा आवाज. हा आवाज मी लहानपणापासून ओळखते. पडलेल्या दगडाचा वेगळा असतो. हा ठेवलेला होता.

मी मागे वळले.

पुढचं मला आठवतं ते मोहनचं ओरडणं.

"अगं बाई, फोन उचलायला काय घेशील! अडीच वाजले!"

तो धापा टाकत माझ्यासमोर उभा होता. बिचारा गुडघे घेऊन पाच बांध चढून आला होता. मी म्हटलं, काहीतरीच काय, सव्वाबारा झाले असतील.

त्याने घड्याळ दाखवलं. मग माझ्या हातांकडे बघितलं.

नखांत काळी माती. दोन बोटांची टोकं फुटून रक्त आलं होतं. मला दुखत नव्हतं. माझ्या मागे खिंडारात खालपासून वरपर्यंत भिंत उभी होती. एक पाऊल रुंदीची. नवी.

शेवाळ आतल्या बाजूला, स्वच्छ तोंड बाहेर. अण्णांनी शिकवल्यासारखी.

"हे तू केलंस?" मोहनने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

खाली उतरलो. रानडुकरांच्या कुंपणाची किल्ली परत द्यायची होती ओकुदा-सानना. हे त्या अकरा जणांपैकी. तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. डोंगराच्या पायथ्याशीच घर. त्यांनी गार चहा दिला आणि माझे हात बघून खूश झाले.

"बांध लावत होतात ना? ऐकू येत होतं. किती वर्षांनी ऐकला तो आवाज! दोघं होतात, नाही का?"

"नाही, ही एकटीच होती," मोहन म्हणाला.

ओकुदा-साननी हसून मान हलवली. "छे. एक जण दगड देतो, दुसरा लावतो. आवाजावरून कळतं."

परत निघालो. पुढे एका कोंबिनीच्या पार्किंगमध्ये मोहनने गाडी लावली आणि ड्रोनचं रेकॉर्डिंग उघडलं. मी म्हटलं, राहू दे. त्याने ऐकलं नाही.

वेळ १२:५२. वरून घेतलेलं चित्र. झाडांच्या फटीतून पाचवा बांध दिसतो. मी खिंडारापाशी उकिडवी बसलेली. एकटी. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

मी उजवा हात बाजूला पुढे करते… थांबते… काहीतरी घेते… भिंतीत लावते.

परत हात पुढे करते.

दगड उचलायला मी एकदाही वाकले नव्हते. हात पुढे केला की हातात दगड असायचा. ड्रोन तेवढा जवळ नव्हता, दगड कुठून येतो ते दिसत नाही. पण मी दर वेळी दगड घेतल्यावर मान हलवत होते. एखाद्याला ‘बरोबर आहे’ म्हणून हलवतो तशी.

मोहनने लॅपटॉप बंद केला. आत जाऊन दोन कॉफी घेऊन आला. त्याची कॉफी तशीच गार झाली. मी माझी संपवली.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला आनंद व्हावा म्हणून मी आधी एवढंच सांगितलं, कावळा शिवला.

"शिवला? अगं बाई!" ती रडायलाच लागली. मग जरा वेळाने म्हणाली, "इकडे नाही गं शिवला. नीलकंठने सकाळपासून तीनदा पान बदललं. असं कसं? तू नाव-गोत्र घेतलंस ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सुप्रभा? त्यांचं नाव, गोत्र घेऊन ठेवलास ना घास?"

"आई, मी ‘अण्णा, जेवा’ म्हणाले."

"आणि शब्द काय दिलास?"

मी सांगितलं. जसाच्या तसा. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"अगं, असा कोणालाही देतात का शब्द?" शेवटी ती म्हणाली. "परक्या मुलखात तर नाव घेतल्याशिवाय कोणी घास ठेवत नाही. कोण जेवलं ते?"

मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी. मी झोपले. चांगली झोप लागली.

चार दिवसांनी सकाळी दात घासत होते.

टक्क.

घरातून. माझ्या दहा चटयांच्या घरातून (इथे खोली जमिनीवरच्या चटयांत मोजतात), जिथे एक दगड नाही.

मग तो रोज यायला लागला. दिवसाच. चहा करताना, कपडे वाळत घालताना. एकदाच यायचा. मग शांत. मग मी विसरले की परत. भास होतोय म्हणून सोडून दिलं असतं, पण लॅबची झूम मीटिंग चालू असताना आमचे प्रोफेसर मध्येच थांबले.

"सुप्रभा-सान, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का? आवाज येतोय."

पडद्यावर मोहनचा चेहरा होता. त्याने कॅमेरा बंद केला.

ऑक्टोबरात तव्यावर बोटं टेकली. मला कळलंच नाही. वास आला तेव्हा बघितलं. डॉक्टरने सुई टोचून बघितली, दहाही बोटांची टोकं बधिर. रक्त तपासलं, मानेचं एमआरआय काढलं. काही नाही. मानसिक ताण असेल म्हणाले.

त्या शनिवारी मी एकटी डोंगरावर गेले. ट्रेन, बस, मग पायी. का गेले? शब्द दिला होता, अजून काय. संध्याकाळी उतरले तेव्हा आणखी एक पाऊल भिंत झाली होती. अधलं काहीच आठवत नव्हतं. पण एक सांगते… वर असताना बोटांना दगड लागतो. गार, खरबरीत. तेवढाच वेळ मला काहीतरी लागतं.

पुढचे तीन आठवडे घरात आवाज आला नाही.

असंच चालू राहिलं. मी नाही गेले की आवाज. गेले की शांतता. मोहनला दुसरीकडे नोकरी मिळाली, तो त्सुकुबाला गेला. जाताना म्हणाला, "तू इंडियाला जा, सुप्रभा. सगळं टाक आणि जा." मी म्हटलं, जाईन की.

२०२१ च्या सर्वपित्रीला ओसाकातच बाल्कनीत पान ठेवलं. या वेळी नाव घेतलं, गोत्र घेतलं, आईने फोनवर सांगितलं तसं सगळं. खाली कचऱ्याचा दिवस होता. निळी जाळी टाकली तरी कावळे पिशव्या फाडत होते, केळीची सालं, कोंबडीची हाडं, डायपरसुद्धा सोडत नव्हते. माझ्या पानाकडे एकही आला नाही.

सांगलीतही नाही शिवला.

पाचवा बांध २०२२ च्या मे महिन्यात पुरा झाला. सातही पावलं. मी समोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "झालं. संपलं माझं." जपानीत म्हणाले, मराठीत म्हणाले. घरी आले. महिनाभर घर शांत. वाटलं, सुटलो. मी आणि अण्णा, दोघंही.

जूनच्या शेवटी, भरदुपारी…

टक्क.

मी परत गेले. पाचवा बांध जागच्या जागी होता. आवाज वरून येत होता. सहाव्यावरून.

‘ज्याचं जे काही राहिलं असेल ते सगळं.’ हेच ओरडले होते ना मी? तिथेच बसले. एकशे बारा वजा एक, असा हिशेब केला. पेरूत आम्ही बांधांखाली डबा खाताना म्हणायचो, कोण असतील ते लोक, एवढं सगळं कोणी केलं असेल, का केलं असेल. कौतुकाने म्हणायचो.

खाली ओकुदा-सान अंगणात बसले होते. चौऱ्याऐंशीचे, खुर्चीतून उठवत नव्हतं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आता वर बरेच जण असतात. सकाळपासून आवाज येतो. बरं वाटतं हो ऐकायला. गाव असल्यासारखं वाटतं."

"कोण असतात?" मी विचारलं.

ते गोड हसले. "तुम्हाला माहीत. तुम्ही त्यांच्याबरोबर असता."

पुढच्या हिवाळ्यात ते वारले. त्यांच्या घराला कुलूप आहे. सहाव्या बांधावर तेव्हापासून दगड देणारे आणखी दोन हात आले असावेत असं मला वाटतं. काम भराभर होतं.

२०२३ मध्ये मी सांगलीला गेले. आधी विमानं नव्हती, मग नियम होते, मग मीच जात नव्हते. पण आईने या वेळी ऐकलं नाही. "मी शहात्तरची झाले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांची सुटका होऊ दे. तू समोर पाहिजेस."

चौदा ऑक्टोबर, शनिवार. सर्वपित्री. आमच्या घराची गच्ची. नीलकंठ, त्याची बायको जयंती, आई, मी. नीलकंठने नाव-गोत्र घेऊन पान ठेवलं.

कावळा आला. आपला, सडपातळ. पाण्याच्या टाकीवर बसला.

जयंतीने शब्द दिला, सासूबाईंना अंतर देणार नाही. नाही. नीलकंठने दिला, सिगारेट सोडीन. नाही. आईने हात जोडले. "अहो, काय राहिलंय तुमचं? तीन वर्षं झाली हो. का असे अडकलात?"

नाही.

ऊन तापलं. जयंतीने आईला खुर्ची आणली, ती बसली नाही. ती माझ्याजवळ आली.

"तू बोल, सुप्रभा. ते तुझीच वाट बघत होते. मी तुला कधी सांगितलं नाही, तुला लागेल म्हणून. हॉस्पिटलातून फोन आला की पहिलं विचारायचे, सुप्रभाचं तिकीट झालं का? शेवटच्या दिवशीपण तेच. अजून काही नको गं. एवढंच म्हण, अण्णा, मी आले, आता इथेच राहीन. बस्स. मग शिवेल बघ."

कावळा टाकीवरून उडाला आणि पानाच्या अगदी शेजारी बसला.

तो माझ्याकडे बघत होता.

मला ते म्हणायचं होतं. देवाशप्पथ सांगते, म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला लागली, तोंड उघडलं. आईने माझा हात धरला होता. तिची पकड दिसत होती, लागत नव्हती.

शब्द आला नाही.

एक शब्द दिलेला आहे. त्याच्यावर दुसरा देता येत नाही, एवढंच मला त्या क्षणी कळलं. कोणी सांगितलं नाही. कळलं.

मी बघत राहिले. कावळा बघत राहिला. नीलकंठ म्हणाला, "अगं, बोल ना!" आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग कावळा उडून गेला.

आई रडली नाही. रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "असू दे," म्हणाली. "प्रवासाने दमली असशील." स्वतः वाकून तिने पान उचललं आणि गाईला द्यायला खाली घेऊन गेली. जिन्यात तिला धरायला हवं होतं. मी तिथेच उभी होते.

पाच दिवसांनी मी ओसाकाला परतले. सुट्टी तेवढीच आहे म्हणून सांगितलं.

हे मी आज का लिहिते आहे, माहीत नाही. उपाय सांगू नका. नारळ, लिंबू, गुरुजी, मांत्रिक, सगळं नीलकंठने करून बघितलं आहे. आणि मला भीती वाटते का, असंही विचारू नका. वाटायला हवी. वाईटही वाटायला हवं. काहीच वाटत नाही, त्याचंच कधीकधी कसंतरी होतं.

सहावा बांध झाला. सातवा चालू आहे.

आई आता अमावास्येची वाट बघत नाही. रोज दुपारी बाराला भाताची मूद घेऊन गच्चीवर जाते, संध्याकाळी तीच मूद खाली आणते. जयंती म्हणते, ऐकत नाहीत, जिना चढताना धाप लागते. रात्री आईचा फोन येतो. मी विचारते, आज शिवला का?

"नाही गं," ती म्हणते. आणि मग, दुखवायचं नाही म्हणून अगदी सावकाश विचारते, "तुझं तिथलं काम कुठवर आलं? संपत आलं का?"

मी म्हणते, "आलंच, आई."